दार मोकळं?

“आधी विचारायचं, मग दार सरकवायचं. काय विचारायचं? दार मोकळं?”

आवाज आतून आला होता, ओल्या वाळूतून यावा तसा जाड आणि शांत. ओक्का तेव्हा कोवळी पोर. बापाच्या वखारीतला भुसा पोचवायला ती रिंगणाशी आली होती आणि न विचारताच दार सरकवून हातगाडीसकट आत घुसली होती. समोर एक काळा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. वरचा तरुण खोगिरात जागचा हलला नाही. त्यानं, हिन्रिकनं, तिला बाहेर पाठवलं, दार लावायला लावलं आणि पुन्हा विचारायला लावलं. तिनं चरफडत विचारलं. “मोकळं आहे,” तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्याशी ओक्कानं पुढे सगळा जन्म संसार केला.

फ्रिसलंडच्या त्या ओल्या, सपाट मुलखात हिवाळाभर उघड्यावर घोडा फिरवता येत नाही. म्हणून गावाला छपराखालचं रिंगण. आत मऊ वाळू, चहूबाजूंनी लाकडी कठडा, आणि त्या कठड्यातच मोठं सरकतं दार. ते अचानक सरकलं की कडेनं येणारा घोडा बुजतो. म्हणून आत जाणाऱ्यानं विचारायचं, बाहेर पडणाऱ्यानंही विचारायचं, आणि पलीकडून उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हिन्रिक मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचा, तेव्हा लगामाआधी या दोन ओळी शिकवायचा:

कडेनं जा, कोपरा भर,
दार विचार, मग पाऊल धर.

कोपरा भरायचा म्हणजे तो न कापता घोडा पार आतपर्यंत न्यायचा. दार विचारण्याच्या नियमाचा तर तो स्वतःच गुलाम. बाहेर एकटी ओक्का, हातात पाण्याची नळी, अंगण चिटपाखराविना रिकामं, फटीतून त्याला ते दिसतही असायचं. तरी तो आतून हाक घालायचा आणि घोडा थोपवून उभा राहायचा. ओक्का मुद्दाम गप्प. कारण पहिली हाक सगळ्यांसाठी असायची, दुसरी एकटीची. “दार मोकळं, ओक्का?” ही दुसरी हाक हळू यायची, उशीवरून यावी तशी. ती ऐकण्यासाठीच ती पहिलीला मुकी व्हायची. मग म्हणायची, मोकळं आहे रे. मुलं फिदीफिदी हसायची.

गेल्या साली पानगळीत, दिवस कलताना, हिन्रिक घोडीवर बसल्या बसल्याच गेला. ओक्का स्वयंपाकघरात चहा ओतत होती. बराच वेळ झाला तरी तो येईना म्हणून ती रिंगणाकडे गेली. फ्लीडर, त्याची पांढुरकी घोडी, बंद दाराला नाक लावून उभी होती आणि तो तिच्या मानेवर ओणवा झाला होता, कानात काही सांगावं तसा. त्यानं दार विचारलं होतं का, ते कोणाला माहीत नाही. ओक्काच्या कानावर तेवढ्या वेळात एवढंच आलं होतं, गरम चहात खडीसाखर तडकण्याचा आवाज.

घोडीनं खाणं सोडलं. नाताळच्या आत तिलाही जनावरांच्या डॉक्टरानं सुई देऊन कायमचं निजवलं.

वाळू मात्र उरली. ती आधीही ओक्काचीच होती. हिन्रिक घोडे बघायचा, ओक्का घोड्यांच्या पायाखालचं बघायची. लीद दिसली की लगेच उचलायची, वाळूत मुरू द्यायची नाही. घोडे सतत कडेनं धावतात, तिथं चाकोरी खोल होते आणि वाळू उडून कठड्याच्या बुडाशी साचते. ती फावड्यानं पुन्हा आत ओढायची. ट्रॅक्टर कोपऱ्यात पोचत नाही, तिथं दाताळं. मग पाणी. मूठभर वाळू उचलून दाबायची. लाडू वळला पण पाणी सुटलं नाही, की झालं. मग ट्रॅक्टरमागं फळी बांधून सगळं सारखं करायचं. संध्याकाळी ती दिवा मालवायची तेव्हा आत एकही रेघ वाकडी नसायची. नुकतं अंथरूण घातल्यासारखी वाळू निजायची.

यंदाच्या वसंतात एका सकाळी त्या अंथरुणावर कोणी तरी उठून गेल्यासारखं दिसलं.

कडेनं टापांची एक ओळ होती. ओक्का आधी चिडली. पागेतलं जनावर सुटलं असेल म्हणून पाहायला गेली, तर सगळे आपापल्या जागी, तोंडात गवत. ती परतली, खाली वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली. पुढच्या डाव्या पायाचा ठसा इतर नालांसारखा मागून उघडा नव्हता. पुरा गोल होता, बांगडीसारखा. असा बंद नाल त्या पागेत एकाच पायाला होता. फ्लीडरच्या दुखऱ्या पायाला.

तिनं त्या गोलात बोट फिरवलं. वाळू गार होती, आणि आतल्या बाजूला जराशी कोमट. तिनं कोणाला सांगितलं नाही. दाताळं आणलं, ठसे मिटवले, आणि पहिली पोरं आली तेव्हा त्यांच्या तट्टांवर रागावत उभी राहिली.

मग ते रोजचंच झालं. ओक्का पहाट फुटायच्या आत उठायची, माहेरचं पत्र उघडावं तसं दार सरकवायची आणि वाचायची. आज छोटी वर्तुळं काढलीत, म्हणजे मन खुशीत. आज कोपरे कापलेत, कंटाळलाय. आज दुडकी चाल, मधे एकदा थांबून घोडीला थोपटलं असणार. वाचून झालं की मिटवायचं. संध्याकाळी फळी फिरवताना ती हल्ली गुणगुणायची. गेस्के, हिन्रिकच्या बहिणीची मुलगी, आता तीच मुलांना शिकवायची. ती म्हणायची, मामी, तू पुन्हा प्रेमात पडलीस की काय? ओक्का म्हणायची, वाळूच्या.

उन्हाळा सरला तशी वर्तुळं सरली. मधली वाळू कोरी राहू लागली. उरली फक्त कडेची ओळ, फेऱ्यावर फेरा, आणि ती येऊन थांबायची दारापाशी. तिथं ठसे एकावर एक पडलेले, पुढच्या पायानं उकरल्याचे ओरखडे. ओक्का ती जागा भरायची, ओली करायची, चोपायची. सकाळी पुन्हा खळगा. दर सकाळी थोडा अधिक.

आणि घोडे दाराजवळून जाईनासे झाले. कान मागं पाडायचे, अंग चोरायचे, घामाघूम व्हायचे. शेवटी नोव्हेंबरात एका दुपारी फ्राउकेचं, शिकायला येणाऱ्या चिमुरडीचं, तट्टू तिथं असं उडालं की पोर कठड्यावर आदळली. गळ्याचं हाड मोडलं. तिला उचलताना ती ओक्काला कुजबुजून म्हणाली, “आजी, ते आजोबा सरकतच नव्हते ना.”

एन्नो, रिंगण चालवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष, दुसऱ्या दिवशी आला. शाळेपासून ओक्काच्या ओळखीचा. तिच्या टेबलाशी बसून, चहावर साय सोडत, आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की तिच्या वाळूचे लाड आता घोड्यांपेक्षा जास्त होतायत, पण दारापाशी विहीर खणायला कोणी सांगितली नव्हती. ओक्का म्हणाली, खळगा मी रोज भरते. तर तो म्हणाला, मग तुझ्या मागं कोण उकरतं? तिनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

“मग ऐक,” एन्नो म्हणाला. “ही वाळू जुनी झाली. सोमवारी ट्रक येतायत. सगळी उपसायची, खालच्या मुरमापर्यंत. नवी टाकू. पुढच्या वेळी पोराचं डोकं फुटलं तर मी त्याच्या आईला काय सांगू?”

“सगळी?”

“मुठीएवढीही ठेवायची नाही. तुझ्या बरणीत हवी असेल तर घे भरून.”

तो थट्टेत म्हणाला, पण ओक्काचा हात खरोखरच फडताळातल्या बरणीकडे गेला.

मधे रविवार आला, मृतांचा रविवार. सगळं गाव थडग्यांवर सदाहरित फांद्या घालायला जातं. ओक्काही गेली. फांद्या नीट लावल्या, हातानं माती सारखी केली. मुठीत घेऊन दाबली तर भुसभुशीत, नुसती माती. शेजारच्या थडग्यांपाशी माणसं आपापल्यांशी हळू आवाजात बोलत होती. तिला बोलायला काही सुचेना. रिकाम्या घराच्या दारात निरोप ठेवावा तसं वाटलं. इथं तो नव्हताच. तिला त्याचा आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची भीती वाटली.

सोमवारी उजाडत होतं. धुकं पागेच्या छपराला टेकलं होतं. ओक्का दारापाशी पोचली, तर दार आधीच अर्धं उघडं आणि उंबऱ्यावर गेस्के उभी. ट्रक यायच्या आत कठड्यावरची सामग्री उतरवायला ती लवकर आली होती. आता लपवायला दाताळं हातात नव्हतं.

गेस्के बराच वेळ ठशांकडे पाहत होती. तिचा चेहरा वाळूच्या रंगाचा झाला होता. तो गोल नाल तिलाही ओळखीचा होता.  ती एवढंच म्हणाली, “मामी, दाराकडे निघाल्याचेच आहेत सगळे. आत आल्याचे कुठायत?”

ओक्कानं पाहिलं. इतके महिने तिनं ही वाळू वाचली, रोजची चाल वाचली, मन वाचलं, आणि पहिली ओळ वाचायचीच राहिली. उंबऱ्यापासून आत जाणारा एकही ठसा नव्हता. कधीच नव्हता. ती समजत होती की तो रोज येतो. तो आलाच नव्हता. तो गेलाच नव्हता. त्या संध्याकाळपासून तो इथंच होता; घोडी गेल्यावर तिला घेऊन कडेनं फिरत होता, कोपरे भरत होता, दाराशी येऊन थांबत होता, विचारत होता. आणि ती रोज सकाळी त्याचा प्रश्न दाताळ्यानं पुसून टाकत होती.

“गेस्के, पागेची दारं लाव,” ती म्हणाली. “अंगणात कोणाला येऊ देऊ नकोस. रस्त्यापर्यंत वाट रिकामी ठेव.”

“कोणासाठी?”

“ठेव, बाळा.”

गेस्के मागं पाहत गेली. ओक्कानं दार पूर्ण सरकवून बंद केलं आणि बाहेर उभी राहिली, नेहमीच्या जागी, जिथं ती पाण्याची नळी घेऊन उभी राहायची. लांबवर बांधाच्या रस्त्यावर ट्रकांची घरघर लागली होती. ती थोडी वाढली, मग धुक्यात बुडाली.

आत आधी काहीच नव्हतं. मग वाळूचा श्वास, टापा मऊ वाळूत पडताना येतो तसा, पलीकडच्या बाजूनं. लांबच्या कोपऱ्यात तो जरा रेंगाळला. कोपरा पुरा भरला गेला. मग कडेनं जवळ, जवळ. लगामाची कडी वाजली. दाराच्या फटीतून वाफ आली, गवताच्या आणि घामाच्या वासाची, आणि थांबली.

“दार मोकळं?”

सगळ्यांसाठीची हाक. ओक्काचे ओठ सवयीनं मिटले. तिनं कठड्याचं लाकूड धरलं. अजून गप्प राहिलं तर तो थांबेल, हे तिला ठाऊक होतं. वर्षभर थांबला होता, आणखी थांबला असता. पायाखालची वाळू उपसून नेली तरी उघड्या मुरमावर थांबला असता. नियम म्हणजे नियम.

आत घोडीनं पाय उकरला. मग ती दुसरी हाक आली, हळू, उशीवरून यावी तशी, आणि इतकी थकलेली की ओक्काला ती ओळखायला क्षणभर लागला.

“दार मोकळं, ओक्का?”

तिनं दार सरकवलं, पार शेवटपर्यंत, आणि वाट सोडून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“मोकळं आहे रे,” ती म्हणाली. “मोकळं आहे.”