तळघराची खिडकी

भीमरावाला तळघरासाठी खिडकी हवी होती, आणि ती कशासाठी हे आईला कळता कामा नये, एवढीच त्याची अट होती. आता ही अट खिडकीवाल्या गोऱ्याला कोणत्या इंग्रजीत सांगायची?

नॉटिंगहॅमच्या उतारावरचं त्यांचं घर दोन बेडरूमचं. एकीत तो आणि आशा, दुसरीत आशाचा भाऊ. नोकरी लागेपर्यंत म्हणून आलेला हा भाऊ नोकरी लागल्यावरही हललेला नव्हता. त्यामुळे गावाहून येणाऱ्या आईची आणि आठ वर्षांच्या लेकीची, प्रज्ञाची, सोय तळघरात करायची ठरली. खोली कोरडी होती, शेजारीच संडास होता. खिडकी मात्र टीचभर, छताला चिकटलेली.

त्याच उन्हाळ्यात, १९८७ साली, पलीकडच्या गल्लीतल्या एका भारतीय दुकानदाराच्या दारातून, पत्रं टाकायच्या फटीतून, कुणीतरी पेटता बोळा आत सारला. माणसं वाचली, जिना जळाला. पोलीस म्हणाले, पोरांचा चावटपणा असेल. हा चावटपणा, तर मग खुनाला थट्टाच म्हणायचं! तेव्हापासून भीमराव झोपण्याआधी दाराची फट बंद करी आणि खाली पाण्याची बादली ठेवी. हॉस्पिटलच्या लॅबमधले लोक त्याला शांत स्वभावाचा समजत. शांत कसला, माणूस आतून पोखरला होता.

आणि आईला इतकी वर्षं त्यानं काय कळवलं होतं? इथं कुणी जात विचारत नाही, इथं बिनघोर झोप लागते. वडील गेल्यावर रंभाबाई यायला तयार झाली ती त्याच भरवशावर.

खिडक्यांच्या दुकानात केन नावाच्या म्हाताऱ्यानं आधी आतून किल्लीनं लावायचे लोखंडी गज दाखवले.

"अहो, हे सेफ वाटतं," आशा म्हणाली. "कुणी ब्रिक मारली तरी आत येणार नाही."

"आणि किल्ली सापडली नाही तर?"

दुसरी खिडकी चांगली होती, पण तिची मूठ बसच्या संकटकाळच्या दारासारखी लालभडक. भीमराव म्हणाला, "नको. आईला वाचता येत नाही, लाल रंग कळतो." तिसरी वरून टांगलेली, खालून वीतभर उघडायची. तिच्यातून मांजर गेलं असतं. चौथी मात्र दारासारखी कडेला सबंध उघडत होती. आतून साधी मूठ, किल्ली नाही, बाहेरून धरायला काही नाही.

तुमची आई अंगानं केवढी, असं केननं विचारलं. थंडीची पोलकी शिवायला आशानं सासूचं मापाचं पोलकं मागवून घेतलं होतं. ते तिनं पर्समधून काढलं आणि चौकटीला लावून पाहिलं. दोन्ही बाजूंना हात जाईल इतकी जागा उरली. केन बघतच राहिला.

खिडकी बसली. बाहेरचा खड्डा रुंद खणून घेतला. आतल्या भिंतीला भीमरावानं स्वतः दोन लाकडी पायऱ्या ठोकल्या आणि त्यांवर कुंड्या मांडल्या, म्हणजे मांडणी वाटावी.

रंभाबाई आली. "जयभीम" म्हणत सगळ्यांना भेटली, नातीच्या तोंडावरून हात फिरवला.

"आजी, हा खिडकी न्यू आहे!" प्रज्ञानं लगेच दाखवली.

"येवढी थोरली?"

"उजेडासाठी, माय," भीमराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन तो खाली गेला, तर कुंड्या जमिनीवर होत्या. रंभाबाई पदर खोचून वरच्या पायरीवर उभी, खिडकी सताड उघडी आणि तिचं अर्धं अंग बाहेर.

"उजेडाला पायरी कशाला लागती रं, भीमा?"

"इथं कौन्सिलचा रूल असतो, माय..."

तिनं अंग आत घेतलं.

"हितं बी?" तिनं विचारलं.

भीमरावानं मान हलवली आणि तो लहान पोरासारखा रडला. जगात एक तरी जागा आईला बिनघोर द्यायची होती, तीही त्याला देता आली नाही.

तो पाच वर्षांचा असताना वस्ती बौद्ध झाली आणि मेलेली ढोरं ओढायला नाही म्हणाली. गावानं झोपड्या पेटवल्या. त्यांच्या झोपडीला मागून धुराचं एक भोक होतं. रंभाबाईचे हात आधी मुलाकडे गेले. त्याला बाहेर ढकलून ती थोरल्या लेकीसाठी, यमुनेसाठी, वळली, तोवर आढं खाली आलं. शेजाऱ्यांनी रंभाबाईला ओढून काढलं. पुढे त्या घरात यमुनेचं नाव कुणी घेतलं नाही.

रंभाबाई खाली उतरली. तिनं कुंड्या उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. "पायात येतील," म्हणाली. मग शाळेतून आलेल्या प्रज्ञाला हाक मारली आणि तिला पायऱ्या चढायला लावल्या, मूठ फिरवायला लावली, बाहेर काढलं, परत आत घेतलं. पुन्हा एकदा. प्रज्ञाला तो खेळ वाटला, ती खिदळत होती. आजी हसत नव्हती.

पोर वर खायला पळाली तेव्हा रंभाबाई पायरीवर टेकली.

"तसलं काई झालं, तर आधी पोरीला काढायचं," ती म्हणाली. "माझ्याकडं बघायचं न्हाई. आधी पोरगी. ऐकलंस का, भीमा?"

भीमरावाला हो म्हणायचं होतं. पण त्या आगीतून आधी बाहेर निघालेला तोच होता.