तेलाचा वारा

मुलीने दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकाचंच बटण दाबलं. तो फिरू लागला. थोड्या वेळाने समोरच्या पंख्याची पातीही फिरायला लागली, आणि त्याची वायर तर जमिनीवर मोकळी पडली होती.

"बघितलंत, बाबा?"

वडील खुर्चीत बसून होते. डाव्या पायाचा लेंगा गुडघ्याखाली दुमडून खोचलेला. बत्तीस वर्षं ट्रक चालवला, आणि एक दिवस माल उतरवताना लोखंडी पेटी पायावर आली. क्लचचा पाय गेला. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ते वरच्या खोलीतून खाली, मुलीच्या गॅरेजमध्ये, एकदाही उतरले नव्हते. आज सुट्टी होती, कुणी बघणारं नव्हतं, आणि आईने सकाळपासून पिच्छा पुरवला होता, म्हणून उतरले.

"पोरखेळ," ते म्हणाले. "ऑटोमॅटिक गाडी चालवायची नसते. तिच्यात नुसतं बसायचं असतं."

मुलगी बाकाकडे वळली. त्यावर ऑटोमॅटिक गाडीचा, भंगारातून आणलेला एक गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. त्यातली वाडग्याच्या आकाराची, आत पाती असलेली दोन चाकं तिने उचलली.

"हे इंजिनाला जोडलेलं. आणि हे पुढे गिअरकडे जातं. दोन्ही समोरासमोर, पण एकमेकांना लागत नाहीत. मध्ये नुसतं तेल. हे फिरलं की तेल त्याच्यावर फेकतं, मग तेही फिरतं."

"वाऱ्याऐवजी तेल."

"हो. सिग्नलला उभं राहिलात तरी इंजिन बंद पडत नाही. तेल घुसळत राहतं. तुमचा डावा पाय जे करायचा, ते हे करतं."

वडिलांनी हात पुढे केला. चाक मांडीवर घेऊन ते एकेका पात्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"बरं, आणि गिअर कोण टाकतं? भूत?"

तिने दुसरा भाग पुढे सरकवला. मधोमध एक दातेरी चाक, भोवती तीन लहान, आणि सगळ्यांना वेढून बाहेर एक कडं.

"कडं घट्ट धरा."

त्यांनी धरलं. तिने मधलं चाक गरागरा फिरवलं. भोवतीची तिन्ही चाकं सावकाश, नेटाने पुढे सरकली.

"हा चढाचा गिअर. आता कडं सोडा." तिने सगळी चाकं मुठीत आवळली आणि अख्खा गठ्ठा एकदमच फिरवला. "हा सरळ रस्त्याचा. दात एकमेकांतून सुटतच नाहीत, बाबा. कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं, एवढंच."

वडिलांनी कडं पुन्हा धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"आमच्या ट्रकात दात चुकला की चार गावांना कळायचं," ते पुटपुटले. मग, "तुझ्या आईच्या स्कूटरमध्ये हेच का?"

"तिच्यात पट्टा असतो, दोन पुल्यांवर. पुल्या रुंद-अरुंद होतात, पट्टा वर-खाली सरकतो. मोजायला गिअरच नाहीत."

"आणि मी तिला बिनगिअरची बाई म्हणून चिडवायचो."

"ती ऐकतेय," जिन्यावरून आई म्हणाली.

वडील हसले. मग त्यांचं लक्ष मुलीच्या हातांकडे गेलं.

"हे एकटीनं उघडलंस?"

"हे शिकायला उघडलं. बसवलेला बाहेर आहे."

दारात एक जुनी, छोटी गाडी उभी होती. तीन महिने दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्या उरकून, रोज संध्याकाळी मुलगी या गाडीखाली शिरत होती. वडिलांनी वरून ठोकाठोकी ऐकली होती. कशाची, ते कधी विचारलं नव्हतं.

गॅरेजमागच्या बंद कारखान्याला एक रिकामा रस्ता वळसा घालून परत येत होता. वडिलांनी कुबडी मागच्या सीटवर टाकली आणि स्टिअरिंग धरलं; मुलगी शेजारी बसली. गाडी निघाली तशी त्यांची डावी मांडी आपसूक उचलली गेली, हवेत थांबली आणि खाली आली. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली.

चढ लागला. त्यांनी मान किंचित कलती करून इंजिन ऐकलं.

"आता गिअर बदलेल," ते म्हणाले. बदलला. "आता." पुन्हा बदलला. तिसऱ्या खेपेला गाडी त्यांच्या आधीच बदलून मोकळी झाली.

"लबाड," ते म्हणाले. चढ संपून उतार लागला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "धक्का कुठेच लागत नाही गं. बत्तीस वर्षांत मला असं जमलं नाही."

त्यांनी बाजूला पाहिलं. मुलीचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं. नखांत काळं तेल तसंच.

वळसा संपला. गॅरेजच्या दारात आई उन्हाला आड म्हणून कपाळावर हात धरून वाट बघत उभी होती. गाडी जवळ आली तशी ती पुढे झाली.

वडिलांनी ओठांवर बोट ठेवलं, शेजारच्या सीटकडे खूण केली, आणि गाडी न थांबवता पुढे काढली.