अस्तराचं वजन

"एकशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम," काट्यावर ठेवलेल्या पिशवीचा आकडा वाचून शेजारचा किराणावाला गुंडप्पा म्हणाला.

"मी सत्तरच्या आत म्हटलं होतं, काका," तनुजा मॅडम म्हणाल्या.

चंद्रप्पा चौतीस वर्षं लातुरात पिशव्या शिवत होता. जास्त दिल्याची तक्रार घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्यासह बारा जण सायकलवर कन्याकुमारीला निघाले होते. हँडलला बांधायच्या बारा पिशव्या हव्या होत्या. नमुना जमला तर काम चंद्रप्पाचं, नाहीतर ऑनलाइन. तयार दप्तरं आल्यापासून त्याचं मशीन बहुधा झाकलेलंच असे.

कापड मॅडमनीच आणलं होतं. सिलिकॉनचा थर दिलेलं, चौकडीच्या विणीचं नायलॉन. भोक पडलं तरी फाट पुढे सरकत नाही म्हणे. चंद्रप्पानं ते चिमटीत धरून पाहिलं होतं. "हे तर छत्रीचं कापड हाय," म्हणाला होता. मग न राहवून आतून मांजरपाटाचं अस्तर लावलं, बुडाला रेक्झिन. फुकट.

"मजबुतीला लावलं, मॅडम."

"चढावर दहा ग्रॅमसुद्धा जाणवतात, काका. आमच्यातल्या एकानं टूथब्रशची दांडी कापलीय."

"दात बी घरी ठिवा म्हणावं," गुंडप्पा म्हणाला.

मॅडम हसल्या, पण मोबाईल काढलाच. "मग मी ऑर्डर टाकते."

"थांबा." चंद्रप्पानं ब्लेड उचललं, पिशवी उजेडात धरली आणि ब्लेड खाली ठेवलं. "उसवलं तर सुईची भोकं राहून जातील. पाणी शिरंल. नवीनच शिवतो."

उरलेल्या कापडातून त्यानं दुसरी बेतली. एकेरी. हात दोनदा सवयीनं मांजरपाटाकडे गेला आणि दोनदा रिकामा परत आला.

"बासष्ट!" गुंडप्पा ओरडला.

मॅडमनी पिशवी चुरगळली, ती मुठीत मावली. "झकास! बाराही तुम्हीच शिवा, काका."

"हाव," चंद्रप्पा म्हणाला. चेहरा मात्र पुढे केलेला पेढा नाकारावा तसा.

मॅडमचं लक्ष मशीनजवळच्या डबीकडे गेलं. तिच्यात त्याच्या नावाच्या विणलेल्या फिती होत्या. "ह्यातली एक लावा ना. तिला कितीसं वजन असणार?"

चंद्रप्पानं डबीचं झाकण लावलं.

"ह्याला माझं नाव नको," तो म्हणाला. "कुठं फाटली तर फोन करा तेवढा." आणि पुढची पिशवी बेतायला घेतली.