हौशीच्या गळ्यातलं लोढणं

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिलं असेल. मी बाभळीचा एक जुना ओंडका आहे. आमच्या उंब्रजकडं मला लोढणं म्हणतात. ओढाळ जनावराच्या गळ्यात मला दोरीनं अडकवतात. ते पळू लागलं, की मी त्याच्या गुडघ्यांवर आपटतो आणि ते बिचारं थांबतं.

मला घडवलं जालिंदरमामांनी. ओसरीवर बसून त्यांनी मला तासलं, कडा गोल केल्या, वर करंजीचं तेल चोळलं. त्यांची हौशी तेव्हा अवखळ कालवड होती. शेजारच्या नानासोंच्या उसात रोज शिरायची. नानासोंनी कोंडवाड्याची धमकी दिली आणि मी तिच्या गळ्यात आलो. मग तक्रार आली नाही. लोक माझं कौतुक करायचे. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग मामा मला फासायचे. सांज झाली, की मला काढून खुंटीला टांगायचे आणि हौशीचे गुडघे चोळून द्यायचे. काय दिवस होते ते!

एका सकाळी मामांनी नेहमीसारखी गाठ मारली आणि शेतात गेले, ते परत आलेच नाहीत. हृदय थांबलं, म्हणे. त्यानंतर त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी, मला कधी सोडलंच नाही. रात्रीही मी हौशीच्या गळ्यातच. तिचे गुडघे सुजले, सोलवटले, त्यांवर माश्या बसू लागल्या. ती लंगडू लागली. पाय कायमचा जातोय की काय, अशी मला धास्ती वाटायची, पण ओंडक्याचं कोण ऐकणार?

जीपमधून दोन तरुण आले. "हा गुन्हा आहे, जरा तरी दया करा," असं त्यांनी अंगणभर सुनावलं. जाईबाईंनी त्यांना केरसुणी दाखवली.

मग कराडच्या प्राणी-संस्थेतली अक्षता आली. ती सरळ गोठ्यात बसली आणि हौशी लहानपणी कशी होती, ते विचारू लागली. जाईबाई खुलल्या. चहा झाला. तेव्हा अक्षतानं हळूच विचारलं, "मावशी, हे लोढणं काढावं, असं रुपयात किती आणे वाटतं तुम्हाला?"

"चार आणे."

मला वाटलं, आता ही भांडणार. पण ती म्हणाली, "चार तरी का? दोन का नाही?"

जाईबाईंनी हौशीच्या गुडघ्यावरची माशी हाकलली. मग म्हणाल्या, "तिचा गुडघा बघवत न्हाई गं. रातच्याला बसाया गेली की कण्हती. मला झोप लागत न्हाई."

"आणि उरलेले बारा आणे?"

जाईबाई माझ्या दोरीच्या गाठीवरून बोट फिरवत राहिल्या. अक्षतानं घाई केली नाही.

"ही गाठ त्यांनी मारल्याली हाय, पोरी. त्या सकाळची. सुटली की त्यांच्या हातचं काय ऱ्हायलं?"

"या गाठीत तुम्हाला मामांचा हात दिसतो," अक्षता एवढंच म्हणाली.

जाईबाई पदर तोंडाला लावून रडल्या. डोळे पुसून त्यांनी हौशीकडं पाहिलं. "त्यांनी अशी ठेवली नसती तिला. सांजंला सोडायचेच की. चरताना मीच ऱ्हाईन तिच्यासंगं."

अक्षतानं विळा पुढं केला. जाईबाईंनी तो बाजूला सारला आणि गाठ आपल्या बोटांनीच सोडवली. नख मोडलं, पण दोरी कापली नाही.

मित्रांनो, आता मी गोठ्यात पडून असतो. तुम्हाला एकच विनवणी. मुक्या जीवाला जपा. आणि कुणी त्याला त्रास देताना दिसलं, तर आधी जवळ बसा, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ओरडून बोललात तर नुसती केरसुणीच दिसेल.

मी गळ्यातून निघालो, गुडघेही भरून आले, तरी हौशी बरेच दिवस पाय फाकून, जपूनच चालायची. मी अजून गळ्यात आहे, असंच तिला वाटत असावं. मला फार वाईट वाटायचं. परवा सकाळी मात्र तिनं मान झटकली आणि शेपूट उंचावून बांधावरून धावत सुटली. जाईबाईंनी तिला हाक मारली नाही. रिकाम्या ओसरीकडं वळून त्या हळूच म्हणाल्या, "आवं, बघितलंसा का? हौशी पळाया लागली."