खांब्याची सरळ गोष्ट

बुडाशी बिडाची जाड पाटी, तिच्यावर वीतभर उंचीचा खांब आणि खांबाला एक आडवा हात. एवढाच काय तो माझा पसारा. या दुकानात मला खांब्या म्हणतात. बारीक भोकात आटे पाडताना टॅप तिरका जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. आटे म्हणजे स्क्रू जिच्यात फिरत बसतो ती खाच, आणि टॅप म्हणजे ती कापणारं काडीएवढं पोलादी हत्यार. कडक, पण तेवढंच ठिसूळ. जरा कललं की कट्‌!

दुकान दोघा भावांचं, वजनकाटे दुरुस्तीचं. थोरले साठीला टेकलेले, अबोल. धाकटे मनाचे निर्मळ, पण जीभ कानशीसारखी. माझा जन्म झाला तो थोरल्यांच्या एका गुपितापायी.

वर्षभर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. कप दोन्ही हातांनी धरायचे आणि थंडी वाजतेय म्हणायचे, भर उन्हाळ्यातसुद्धा! हात हलला की टॅप मोडायचा. धाकट्यांची खात्री झाली की टॅपच भिकार आहेत. ते तडक हत्यारांच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला चार लोकांत नको नको ते बोलून आले. थोरल्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली.

त्यातच दवाखान्यातला काटा आला, तान्ह्या बाळांचं वजन करायचा. त्याचा पितळी आधार तुटला होता. थोरल्यांनी दोन दिवस खपून नवा घडवला. चारपैकी तीन भोकांत आटे पडले, चौथ्यात टॅप मोडून रुतून बसला. आधार वाया गेला. नर्सबाई विचारायला आल्या, तेव्हा थोरल्यांनी परवाचा वायदा केला आणि जेवायला घरी गेलेच नाहीत.

त्या दुपारी त्यांनी मला करायला घेतलं. पाटी मोडीतल्या काट्याची, खांब जुन्या छपाईयंत्राचा. आडव्या हाताला पाडलेलं पहिलं भोक तिरकं निघालं. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावला तर फटीतून उजेड दिसला. तो तुकडा त्यांनी भंगारात टाकला आणि दुसरा घेतला. या खेपेला उजेड दिसला नाही. भोकात पितळेची नळी बसवली, नळीत गुळगुळीत दांडा सोडला, खाली टॅप धरायची पकड, वर फिरवायला मूठ. मूठ थोरल्या वहिनींच्या कढईच्या झाकणाची होती. त्यावरून घरी काय झालं, ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी डब्यात नुसतीच पोळी होती.

मग दुसरा आधार घडवून माझ्या पाटीवर ठेवला. थोरल्यांनी मूठ फिरवली. एक फेरा पुढे, अर्धा मागे. त्यांचा हात थरथरत होता, ते मला वर मुठीत कळत होतं, पण नळी दांड्याला हलू देईना. पहिलं भोक, दुसरं, तिसरं. चौथ्याला त्यांनी श्वास रोखला. मीही रोखला असता, पण मला तो नाही. टॅप आरपार गेला आणि सुखरूप मागे आला.

काटा वायद्याप्रमाणे दवाखान्यात गेला. त्यानंतर महिनाभर एकही टॅप मोडला नाही. धाकटे खूष.

"बघितलंस दादा? त्या दुकानदाराला झापलं, म्हणून माल सुधारला."

थोरल्यांनी फडक्याने हात पुसले. मग म्हणाले, "टॅप तेव्हाही चांगलेच होते. माझा हात थरथरतो. वर्ष झालं." आणि हात पुढे धरला.

धाकट्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, आता फैरी झडणार. पण ते स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "मला मोजपट्टीवरच्या रेघा दिसत नाहीत. मापं मी अंदाजानं सांगतो."

"म्हणून काट्यांची ती झाकणं बसत नव्हती होय!" थोरले म्हणाले, आणि दोघं इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी धाकटे मला पिशवीत घालून त्या दुकानदाराकडे गेले. तिथे पाच गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत ते म्हणाले, "चूक आमची होती. तुम्हाला उगाच बोललो." दुकानदाराने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि असाच एक आपल्यालाही करून द्याल का, असं विचारलं. माझा धाकटा भाऊ आता तिथे काउंटरवर उभा असतो.

इथे थोरले मूठ फिरवतात आणि धाकटे नवा चष्मा लावून मापं वाचतात, मोठ्याने, जणू साऱ्या गल्लीला ऐकवायची आहेत. माझ्या खांबावर थोडा गंज चढलाय, मूठही सैल झालीय. तक्रार नाही. मागणं एकच. काम झालं की पाटीवरचा आणि पाटीखालचा कीस झटकत जा. माझ्या बुडाखाली एक कण जरी राहिला, तरी मीही तिरका होतो, आणि मला ते सांगता येत नाही.