साहेबाच्या देवळाचं छप्पर

कान्हा म्हात्रे गेले त्याच्या आदल्या दिवशी खारबंदरच्या जुन्या चर्चात उभे राहून नेहमीसारख्या बढाया मारत होते. ऐकायला मुलगी नमिता होती आणि हाताखाली सुतारकाम करणारा पुतण्या कुंदन.

"साहेबाला देऊल पायजे होतं, पन छपराचा सुतार मिलंना," ते वर बोट करून म्हणाले. "मग आमच्या खापरपनज्यानं होडी बांधली नि भिंतीवर उलटी ठेवली. झालं देऊल."

"पुरावा काय, बाबा?" नमिता म्हणाली. ती कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि हा प्रश्न ती शाळेत असल्यापासून विचारत आली होती.

"पुरावा तुज्या नाकासमोर हाय. नाक पुस्तकातून बाहेर काडलंस तर दिसंल."

कुंदन खो खो हसला. तीही हसली. संध्याकाळी जुईनगरच्या घरी कान्हांनी बोंबलाच्या कालवणाला मीठ कमी म्हणून नावं ठेवली, दोनदा वाढून घेतलं आणि झोपले. सकाळी उठले नाहीत.

हे चर्च दीडशे वर्षांपूर्वी मिठागरांवरच्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी उभं राहिलं. नाव सेंट क्लेमेंट. क्लेमेंट हा खलाशांचा संत. काळ्या दगडाच्या भिंती, त्यांना बाहेरून टेकलेले दगडी धिरे, टोकदार कमानींच्या खिडक्या. मनोरा नाही, पश्चिमेची भिंतच वर निमुळती होत जाते आणि तिच्या माथ्यावरच्या कमानीत घंटा. त्याच बाजूनं खाडीचा वारा पाऊस आत मारतो, म्हणून तिथे कोकणातल्या घरासारखी खोल ओसरी. नकाशा विलायतेचा असेल, ओसरी मात्र इथलीच. साहेब गेले. पुढे बऱ्याच पंथांची मिळून एक संयुक्त चर्चसंस्था झाली, तिच्याकडे ही इमारत आली. प्रार्थनेला येणारी कुटुंबं एकेक करून मुंबईला गेली, तेव्हा संस्थेनं ती गावाला वाचनालयासाठी दिली. छपराच्या सागवानी कैच्या, म्हणजे कौलांचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, वाळवीनं पोखरल्या होत्या. तशाच नव्या घडवायचं काम कान्हांनी अक्षरशः भांडून मिळवलं. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस; दुसऱ्या कुणाचा हात तिथे लागणं त्यांना सोसलं नसतं.

तेरावं झालं आणि दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या पार्थचा फोन आला. खांदेश्वरला राहणारा हा तरुण इंजिनियर कान्हांना काका म्हणायचा.

"मॅडम, तुम्ही एकदा येऊन बघा," तो म्हणाला. "न दाखवता मला काही करायचं नाही."

कान्हांनी घडवलेली नवी कैची जमिनीवर जोडून ठेवली होती. पार्थनं एक टोक हलवलं, तशी ती खुळखुळली.

"सांधे सैल आहेत. सगळेच. याच्यावर मी कौलं चढवू देणार नाही. लोखंडी कैच्या मागवाव्या लागतील."

नमितानं कुंदनकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

"काका चुकला," तो म्हणाला. "होडीचा सांधा आमी जरा सैलच ठेवतो. पान्यात उतरली की लाकूड फुगतं नि आपसूक बसतं. हाताची सवय. पन छपराला कुठलं पानी?"

ती ओसरीवर आली. तिथे उतरवलेल्या जुन्या कैच्या रचून ठेवल्या होत्या. त्यातलीच एक पाहता पाहता तिचं बोट सांध्यापाशी थांबलं. सागाच्या दोन तुकड्यांमध्ये वेगळ्याच रंगाची एक चपटी पट्टी होती.

"कुंदन, हे काय आहे?"

त्यानं नखानं खरवडलं. "पाचर हाय. बाभलीची. मागाहून ठोकलेली दिसते."

तिनं दुसरा सांधा पाहिला, तिसरा पाहिला. मग पार्थला हाक मारली. तोही वाकून एकेक सांधा तपासत शेवटापर्यंत गेला.

"सगळीकडे पाचर," तो म्हणाला. "म्हणजे सगळेच सांधे आधी सैल कापले होते. छपरं बांधणारा सुतार असं कधी करणार नाही, मॅडम."

"होडी बांधणारा करेल," नमिता म्हणाली.

कुंदन मटकन ओसरीवर बसला. "खापरपनजापन तसाच चुकला होता व्हय?" म्हणाला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

"पाचरा ठोकून बघा," पार्थ म्हणाला. "मी वजन टांगून तपासतो. तरीही हललं, तर मात्र लोखंड. काकांसाठीसुद्धा मी नियम सोडणार नाही."

"सोडला असतास तर त्यांनीच तुला बोल लावला असता," नमिता म्हणाली.

कुंदननं बाभळीच्या पाचरा तासून ठोकल्या. वाळूच्या गोण्या टांगल्या. पार्थनं दोन दिवस टांगून ठेवल्या, पुन्हा पुन्हा मोजमाप घेतलं. कैची हलली नाही.

छपरावर शेवटची कौलं बसली त्या दिवशी तिघं आत उभे होते. खिडक्यांतून आलेलं ऊन सागाच्या नव्या लाकडापर्यंत पोचलं होतं. पार्थला दाराशी लावायच्या माहितीफलकाचा मजकूर पाठवायचा होता.

"छपराचं काय लिहू?" त्यानं विचारलं. "'स्थानिक कारागीर' चालेल?"

"नाही," नमिता म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो त्याहून मोठा झाला, रिकाम्या चर्चात घुमला. "लिही, हे छप्पर खारबंदरच्या होड्या बांधणाऱ्यांनी बांधलं. आमच्या माणसांनी. माझे बाबा सांगायचे ते खरं होतं."