पिंजऱ्याची झडती

आजोबांचा उभा जन्म लोकरी कापडाच्या गोदामाच्या फाटकावर गेला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची, हेच त्यांचं काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. मुलीच्या घरी राहायला आल्यावर तपासायला पिशव्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी जावयालाच तपासायला घेतलं. जावई म्हणजे दहावा ग्रह असं जुनी माणसं म्हणत. इथे तर हे स्वतःच त्या ग्रहाच्या घरात जाऊन बसले होते.

मुलगी नर्स, तिच्या ड्युट्या सदा बदलत्या. जावई छापखान्यात, नात शाळेत. दुपारभर घरात दोनच जीव, आजोबा आणि भोपळ्या. भोपळ्या म्हणजे नातीचा गिनीपिग, नावासारखाच गोल. आजोबा काकडी चिरायला बसले की तो पिंजऱ्यातून शीळ घालायचा. आपल्या पावलांच्या आवाजाने खूश होणारा या घरात हा एकटाच आहे, असं आजोबांचं ठाम मत होतं.

सुरुवातीला जावयाने छापखान्यातल्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणून पिंजऱ्यात पसरल्या होत्या. त्यांचा बघता बघता लगदा झाला आणि बाहेरच्या खोलीत नाक धरून बसायची वेळ आली. तेव्हा जावई म्हणाला, "वास असाच येत राहिला तर याला दुसरं घर बघावं लागेल." नातीने रडून घर डोक्यावर घेतलं. मग त्याने फ्लीसचं, लोकरीसारखं मऊ कापड आणलं. खाली जुने टॉवेल, वर फ्लीस. ओल खाली झिरपते आणि भोपळ्याचे पाय कोरडे राहतात, असं त्याचं म्हणणं. आजोबांनी कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब जागचा हलेना.

"कापड लबाड आहे," ते म्हणाले.

"नवं आहे, बाबा. चार-पाच वेळा धुतलं की पाणी मुरायला लागेल."

पाणी खरंच मुरू लागलं. पण आजोबांच्या मते ते आणखीही कुठेतरी मुरत होतं. 'दुसरं घर' हे शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. उद्या जरासा वास यायचा अवकाश, की हा माणूस भोपळ्याची पाठवणी करणार. म्हणून त्यांनी आपला बंदोबस्त केला. कोपऱ्यावरच्या सुताराकडून देवदाराच्या लाकडाच्या साली आणल्या, रंधा मारताना निघतात त्या पातळ, कुरळ्या. गोदामात लोकरीच्या गठ्ठ्यांत हेच घालत. कीड लागत नसे आणि कुबट कोपराही घमघमत असे. रोज दुपारी आजोबा मूठभर साली टॉवेल आणि फ्लीस यांच्यामध्ये सरकवू लागले. कुणाला सांगितलं नाही, जावयाला तर मुळीच नाही. वास गेला.

आणि भोपळ्या शिंकू लागला. पुढे खाणंही कमी झालं.

जावई आणि नात त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. "अंथरुणातच काहीतरी बाधतंय म्हणाल्या," नात आल्या आल्या सांगू लागली. जावयाने लगेच पिंजरा साफ करायला घेतला. आजोबा दारातून बघत होते. त्याने फ्लीसचं टोक उचललं आणि तसाच थांबला. मग पाठमोराच म्हणाला, "माझीच चूक. कापड धुण्यात काहीतरी चुकलं माझं."

नातीने त्या घटकेपासून बापाशी बोलणं टाकलं. त्याने वाढलेलं ताटसुद्धा ती आजोबांच्या हातून घेऊ लागली. आजोबांना वाईट वाटायला हवं होतं; खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. पण मनात पाल चुकचुकली. न मागता पिशवी उघडून दाखवणाऱ्या माणसाची झडती दोनदा घ्यावी, हे ते फाटकावर शिकले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कापड उचललं, तर साली गायब. त्यांनी नव्या घातल्या. पुढच्या दुपारी पुन्हा गायब. आता आजोबा डोळ्यांत तेल घालून बसले. संध्याकाळी छापखान्यातून आल्यावर जावई इकडेतिकडे बघत पिंजऱ्याशी वाकायचा, काहीतरी कागदी पिशवीत भरायचा आणि खालच्या कचरापेटीकडे निघायचा. आजोबांना सगळा डाव कळला. साली काढायच्या, वास येऊ द्यायचा आणि मग म्हणायचं, बघा, घरात ठेवण्यासारखं जनावर नाही हे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी संतापाने दोन मुठी घातल्या.

भोपळ्याचा श्वास आता वाजू लागला होता.

संध्याकाळी जावई पिशवी घेऊन निघाला तेव्हा आजोबा जिन्यात आडवे उभे होते.

"पिशवी दाखवा, जावईबापू."

त्याने मुकाट्याने ती पुढे केली. आत त्यांच्याच साली होत्या.

"का काढता या? वास यावा म्हणून?"

"हा वासच लागतोय त्याच्या छातीला, बाबा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, सुगंधी लाकूड आहे का अंथरुणात. मी ठामपणे नाही म्हणालो. घरी येऊन कापड उचललं, तर हे."

आजोबांनी कठडा धरला.

"मग मला का नाही बोललात?"

"रोज ठरवत होतो. वाटायचं, संपतील तुमच्या साली, आपोआप थांबेल. चुकलंच माझं. आज येऊन सांगणारच होतो, त्याचा श्वास ऐकवत नाही." तो खालच्या पायरीकडे बघत राहिला. "पोरीला कळलं असतं तर ती तुमच्याशी बोलायची थांबली असती. मी तिचा बाप आहे, माझ्याशी बोलेल कधीतरी. तुम्हाला दिवसभर दुसरं आहे कोण?"

काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं होतं. आजोबांनी आयुष्यात शेकडो पिशव्या उघडल्या होत्या, पण अशी पिशवी कधी हाती आली नव्हती. त्यांना इतकी लाज वाटली की जावयाकडे वर बघवेना.

ते घरात गेले. पलंगाखाली दडवलेली सालींची पिशवी ओढून काढली आणि अभ्यासाला बसलेल्या नातीपुढे ठेवली.

"ही माझी पिशवी. बघ उघडून. भोपळ्याच्या अंथरुणात हे मी घालत होतो. तुझ्या बापाने काही केलेलं नाही. तो रोज काढून टाकत होता."

तिने पिशवी उघडली, वास घेतला आणि तोंड फिरवलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. उठून सरळ गॅलरीत गेली. बाप बादलीत फ्लीस बुचकळत होता. तिने कापडाचं दुसरं टोक धरलं आणि दोघं ते पिळू लागले. काय बोलत होते ते आजोबांना ऐकू आलं नाही, पण बोलत होते.

कोरडे टॉवेल, जुनं धुतलेलं फ्लीस असं नवं अंथरूण नातीनेच घातलं. भोपळ्या आत जाऊन कोपऱ्यात बसला. श्वास अजून वाजतच होता. आजोबांना राहवेना. काकडीचा तुकडा घेऊन ते पिंजऱ्यापाशी आले आणि दाराकडे हात नेला.

नात मध्ये उभी राहिली.

"हात दाखवा."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिने वाकून आधी एक हुंगला, मग दुसरा.

"येतोय अजून. धुऊन या."

आजोबा हात धुवायला गेले.